मोतीभाऊंची बेल आणि मोतीभाऊंचं दार

मोतीभाऊ गेल्याची बातमी मला कुणी येऊन सांगितली नाही. मी त्यांच्या दाराबाहेरच उभा होतो... महिना होत आला, अजून तिथंच उभा आहे असं वाटतं.

धुळ्यात आमच्या गल्लीत, माझ्या घरासमोर मोतीभाऊंचं सराफी दुकान आणि वर बिऱ्हाड. बायको गेलेली, लेक चाळीसगावला दिलेली. शेजारचं दुकान फुटलं तेव्हा चोरांनी आधी खांबावरून येणारी विजेची तार तोडली आणि तिथली धोक्याची घंटा मुकी झाली. झालं! मोतीभाऊंची झोप उडाली. त्यांनी आपल्या बेलला ट्रकची बॅटरी जोडून घेतली, वीज गेली तरी वाजली पाहिजे. मग म्हणाले, "वाजली रे, पण ऐकायला कोण?" म्हणून गल्लीवरून वायर ओढून दुसरी बेल माझ्या ओसरीत बसवली. त्या वायरीवर आमच्या हिनं एकदा पातळ वाळत घातलं आणि वायर तुटली... तेव्हापासून शिरस्ताच पडला. दिवेलागणीला त्यांनी बटण दाबायचं, मी ओसरीतून ओरडायचं, "वाजली हो!" की खिडकीतून उत्तर, "मग बठ्ठं ठीक शे!" गल्ली हसायची. हसेना का, आम्ही चुकलो नाही.

छातीचं दुखणं निघालं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, एकटे राहू नका. लेक न्यायला आली, तर हे हटून बसले. "एकटा कुठे? नाना आहे ना समोर!" आणि बेलचं एक बटण उशाशी बसवून घेतलं. चोरांची धास्ती मात्र गेली नाही. जिन्याच्या दाराला लोखंडी पत्रा, आतून तीन अडसर. दुपारी जेवून आडवं व्हायचं तरी तिन्ही घालायचे. मी म्हणायचो, "अहो, एवढं कशाला?" तर म्हणायचे, "तू बेल सांभाळ, दार मी सांभाळतो."

त्या दुपारी वीज गेलेली होती. बेल वाजायला लागली ती थांबेचना. मी अनवाणी धावलो. दार ठोकलं, हाका मारल्या, खांद्यानं धडका दिल्या. हलतंय कशाचं! खिडक्यांना गज. गल्लीतला लोहार घण घेऊन आला. "मोतीभाऊ, अडसर काढा हो!" मागे माझ्या ओसरीत बेल कोकलतच होती. आतून क्षीण आवाज आला, "आलो... नाना, आलो..." आणि बेल थांबली. बटण सोडून ते उठले होते. एक अडसर निघाल्याचं ऐकू आलं. मग दुसरा. देवा, तिसरा निघू दे रे, एवढंच म्हणत होतो मी... नाही निघाला. बिजागऱ्या तोडून दार सरकवलं तेव्हा ते त्याला टेकूनच बसलेले होते. हात अडसरावर.

लोक समजूत घालतात, "दुखणंच तसं होतं, तुम्ही आत असतात तरी काय करणार होतात?" अरे, पाणी पाजलं असतं! डोकं मांडीवर घेतलं असतं! वीज गेली तर काय, वायर तुटली तर काय, सगळ्याचा विचार केला आम्ही, आणि धावून आलेल्या माणसाला आत कसं घ्यायचं हे दोघांपैकी एकालाही सुचू नये? हा संताप कुणावर काढू मी?

हल्ली दुपारी मी दार लावत नाही. ही खेकसते, "एखाद दिवशी चोर शिरेल घरात!"

"शिरू दे," मी म्हणतो. "त्याला तरी आत येता येऊ दे."