उजव्या कोपऱ्यातली पिन

ज्याला काम येतं त्याच्याजवळ किस्से नसतात. मी चाळीस वर्षं भिंती बांधल्या, त्यातला एकही किस्सा मला सांगता येणार नाही. भिंत सरळ उभी राहिली, विषय संपला. पण म्हातारपणी नवीन काम शिकायला गेलं की चुका होतात, आणि सोबत चार माणसं असली की ती चूक कुणी विसरू देत नाही. आमचे किस्से असे जमले.

काम म्हणजे बोलिंग. क्रिकेटमधलं नाही. लाकडाची लांब गुळगुळीत पट्टी असते, तिला लेन म्हणतात. टोकाला दहा पिना उभ्या. आपण या टोकावरून जड बॉल घरंगळत सोडायचा आणि त्या पाडायच्या. यवतमाळजवळ लोहाऱ्याला कारखान्यांच्या मागे एक जुना कापसाच्या जिनिंगचा शेड आहे. पल्लवी नावाच्या पोरीनं पुण्याहून परत येऊन तिथं दोन लेन बसवल्या. शेडची फरशी मी केली होती, म्हणून ओळख. दुपारी तिथं कुणी फिरकत नाही. ती म्हणाली, मिस्त्रीकाका, दुपारी या, शिकवते. मी गेलो. माझ्यामागे तिघं आले.

राठोड एसटीचा रिटायर ड्रायव्हर. गाव ढाणकीकडचं, पण आयुष्य यवतमाळच्या डेपोत गेलं. वानखडे गुरुजींनी बाभुळगावच्या शाळेत गणित शिकवलं. आणि रहीमभाई डिझेल पंपाचा मेकॅनिक. ट्रॅक्टरचा, ट्रकचा, बोअरच्या गाडीचा, कोणताही पंप खोलून जुळवून द्यायचा. गेल्या वर्षी त्याला लकवा मारला. चालणं सुधारलं, बोलणं सुधारलं, उजवा हात मागे राहिला.

रहीमभाई खेळायला आलाच नव्हता. त्याच्या पोरानं, इम्राननं, गॅरेज सांभाळलं होतं आणि बापाला सांगितलं होतं, "अब्बा, हात थरथरला तर गिऱ्हाइकाचा पंप जाते. हात सुधरू द्या, मग बसा." पोरगं वाईट नाही. खरं तेच बोललं. रहीमभाईला तेच जास्त लागलं होतं. पहिल्या दिवशी त्यानं पल्लवीला विचारलं, यातली सगळ्यात कठीण पिन कोणती? ती म्हणाली, उजव्या हातानं खेळणाऱ्याला उजव्या कोपऱ्यातली शेवटची. तो म्हणाला, "बस, तेच पाडाची हाय. याच हातानं. तवा पोराले बोलावतो."

*

खेळ असा. एका डावात दोन बॉल. पहिल्याच बॉलला दहाही पडल्या तर स्ट्राइक. काही उरल्या आणि दुसऱ्या बॉलला पाडल्या, तर त्याला म्हणतात स्पेअर.

या शब्दावर आमचा पहिला दिवस गेला. रहीमभाईसाठी स्पेअर म्हणजे पार्ट. राठोडसाठी स्पेअर म्हणजे गाडीचं पाचवं चाक. पल्लवीनं तीनदा समजावलं. मग राठोडच्या डोक्यात प्रकाश पडला. तो म्हणाला, म्हणजे पहिला बॉल पंक्चर झाला की दुसरा लावायचा. ती म्हणाली, हो काका, तसंच समजा. तेव्हापासून आमच्यात पहिल्या बॉलला पंक्चर म्हणतात.

महिन्याभरानं राठोडच्या हातून चुकून स्ट्राइक लागला. दहाच्या दहा आडव्या. पल्लवीनं टाळ्या वाजवल्या. हा तिथंच उभा, तोंड उतरलेलं.

"काय झालं, काका?"

"पंक्चरच नाही झालं ना, ताई. आता म्या काय लावू?"

*

पल्लवीचा पहिला नियम, पिनेकडे पाहायचं नाही. लेनवर पंधरा फुटांवर सात बाण काढलेले असतात. बॉल त्या बाणावरून गेला पाहिजे. साठ फुटांवरच्या पिनेपेक्षा पंधरा फुटांवरचा बाण डोळ्याला नीट धरता येतो.

मला हे लगेच पटलं. आम्ही भिंत बांधताना वरच्या टोकाकडे पाहत नाही, हाताशी असलेली दोरी पाहतो. राठोडला पटेना. तो म्हणाला, जिथं जायचं तिथं न पाहता कोणी गाडी चालवते काय? गुरुजींना पटलं, पण डोळे ऐकेनात. बॉल सोडताना मान वर व्हायचीच.

तेव्हा पोरीनं युक्ती केली. लेनवर आडवी दोरी बांधून तिच्यावर चादर टाकली. खालून बॉल जाईल एवढी फट ठेवली. पिना दिसायच्याच बंद. गुरुजींनी बाण पाहून बॉल सोडला आणि चादरीमागे खडखडाट झाला. एकच पिन उरली. दुसरा बॉल सोडला, तीही गेली. गुरुजी खूश. चादर काढली. पुढचे चारही बॉल नालीत. लेनच्या दोन्ही बाजूंना नाली असते, चुकलेला बॉल तिच्यात जातो.

रहीमभाई शांतपणे म्हणाला, "गुरुजी, तुमी डोयाचं ऑपरेशन करू नका."

*

गुरुजींनी मग हिशेबाचा रस्ता धरला. लेन एकोणचाळीस फळ्यांची असते. उरलेली पिन मधल्या पिनेपासून जेवढी दूर, त्या प्रमाणात तीन, सहा किंवा नऊ फळ्या बाजूला सरकून उभं राहायचं आणि बाण तोच ठेवायचा. पिन उजवीकडे असली तर आपण डावीकडे सरकायचं, डावीकडे असली तर उजवीकडे. हे पल्लवीनंच सांगितलं होतं. गुरुजींनी त्याचा तक्ता केला आणि छातीच्या खिशात ठेवला.

एकदा डाव्या कोपऱ्यात एक पिन उरली. गुरुजींनी तक्ता काढला, चष्मा लावला, पायानं फळ्या मोजल्या. एक, दोन, तीन. आम्ही चहा मागवला. चहा आला. आम्ही प्यालो. गुरुजी आठवर होते. नवव्या फळीवर जाऊन त्यांनी बॉल सोडला आणि तो बाणावरून अगदी बरोबर गेला, पण डाव्या कोपऱ्याच्या उलट्या अंगाला, सरळ नालीत.

पल्लवी म्हणाली, गुरुजी, तुम्ही डावीकडे मोजलं, उजवीकडे मोजायचं होतं.

गुरुजींनी तक्ता पुन्हा पाहिला. घडी केली. खिशात ठेवला.

"उत्तर बरोबर आहे," ते म्हणाले. "विद्यार्थी चुकीच्या बाकावर बसला."

*

माझीही चूक सांगतो. दुसऱ्यांच्या सांगायच्या आणि आपली लपवायची, हे मला जमत नाही.

बाण ठीक आहेत, पण बाणापासून पिनेपर्यंत मध्ये काही नाही. मला ते अपुरं काम वाटायचं. गवंडी गेरूत भिजवलेली दोरी दोन टोकांना ताणतो, मध्ये उचलून सोडतो. फरशीवर सरळ लाल रेघ उमटते. एका दुपारी पल्लवी यायच्या आधी मी आणि राठोड आत गेलो. पायमोजे घातले. राठोडनं तिकडचं टोक उजव्या कोपऱ्यातल्या पिनेजवळ धरलं, मी इकडे डाव्या बाजूला. झटकली. अशी रेघ आयुष्यात मारली नसेल.

लेनवर तेलाचा हात दिलेला असतो, हे मला माहीत होतं. तेलात गेरू काय करतो, ते माहीत नव्हतं. पहिला बॉल राठोडनं सोडला. बॉल लाल झाला. पिना लाल झाल्या. बॉल परत येतो ती नळी लाल झाली. शेजारच्या लेनवर गेरू कसा गेला ते अजून कळलं नाही, पण तीही लाल झाली.

पल्लवी आली. दारातच थांबली. बादली आणली, कपडा आणला, माझ्या पुढ्यात ठेवला. दोन दुपारी मी आणि राठोड गुडघ्यावर होतो. तिसऱ्या दिवशी ती बोलली. म्हणाली, काका, पुसायच्या आधी मी रेघेचा फोटो काढला. त्या पिनेसाठी नेमकी हीच लाईन असते.

ते मला माहीतच होतं.

*

रहीमभाईचं काय चाललं होतं, ते सांगतो.

त्याला सगळ्यात हलका बॉल दिला होता. लहान पोरांचा, गुलाबी. राठोडनं त्यावरून चिडवण्यात एक आठवडा काढला. रहीमभाईनं एकदाच उत्तर दिलं, "तुह्या एसटीचा रंग कोन्ता होता, ते आठव पहिले." उन्हात विटलेला लाल डबा गुलाबीच दिसायचा, ते आम्हा सगळ्यांना आठवलं.

पण पिन हाती लागत नव्हती. पिन उजव्या कोपऱ्यात, म्हणून रहीमभाई उजवीकडे उभा राहायचा. तिथून सरळ सोडलं की बाजूला नाली. जरा हात हलला की बॉल नालीत. पल्लवी सांगायची, डावीकडे उभे राहा, लेन आडवी कापत बॉल जाऊ द्या, जागा जास्त मिळते. त्याच्या गळी उतरत नव्हतं. उजवीकडे जायचं तर डावीकडे कशाला उभं राहायचं?

शेवटी राठोड उठला. त्याचा हात धरून त्याला लेनच्या डाव्या काठाला नेऊन उभं केलं. "उजव्या गल्लीत लांब गाडी घालाची असन, तर पहिले कुठं घेतं?"

"डाव्या अंगाले."

"मंग कायले भांडून राह्यला पोरीसंगं?"

त्या दिवसापासून रहीमभाई डावीकडे उभा राहू लागला आणि मधल्या बाणावर नजर ठेवू लागला.

दुसरी गोष्ट पल्लवीनं हेरली. स्पेअरचा बॉल फिरला नाही पाहिजे. फिरला की वळतो, वळला की चुकतो. आमच्या तिघांचं मनगट सोडताना फिरायचं. रहीमभाईचं फिरतच नव्हतं, कारण लकव्यानं ते आखडलं होतं. ती आम्हाला म्हणाली, यांच्याकडे पाहा. असाच हात पाहिजे. अगदी परफेक्ट.

रहीमभाईनं स्वतःचा हात उलटा-सुलटा करून पाहिला.

"मोठ्या दवाखान्यात याले बिमारी म्हनतात, बेटा."

*

एकदा कारखान्यातले दोन इंजिनिअर आले. मनगटाला पट्टे, स्वतःचे बूट. नागपूरला खेळत असत. पल्लवीनं विचारलं, काकांसोबत एक गेम खेळता का? ते हसले आणि हो म्हणाले.

पहिल्या बॉलला त्यांच्या आठ-आठ, नऊ-नऊ पडायच्या. उरलेली एखादी मात्र राहायची. दुसरा बॉलही ते तितक्याच जोरात, तसाच वळवून मारायचे. आमच्या पहिल्या बॉलला सहा-सात. पण उरलेल्या आम्ही सोडत नव्हतो. गुरुजी तक्त्यासाठी खिशात हात घालत आणि तसाच रिकामा बाहेर काढत. तोवर तक्ता पाठ झाला होता. शेवटी बोर्डावर आमचा आकडा वर होता.

त्यातल्या एकानं राठोडला विचारलं, "काका, ट्रेनिंग कुठं घेतलं?"

"राज्य परिवहन," राठोड म्हणाला.

*

त्यानंतर महिन्याभरात रहीमभाई ती पिन दहातून सहा-सात वेळा पाडू लागला. तेव्हा त्यानं इम्रानला बोलावलं.

इम्रान चाळिशीचा माणूस. काम टाकून आला, हाताला ग्रीस तशीच. बाकावर बसला. पल्लवीनं मशीनवर बटन दाबून फक्त कोपऱ्यातली पिन उभी केली. रहीमभाई डावीकडे गेला. बॉल बाणावरून गेला आणि पिनेच्या अंगाला घासल्यासारखा निघून गेला. पिन उभी. दुसरा बॉल, तसंच. तिसरा, तसंच.

राठोड वाकून बुटाची बांधलेली नाडी पुन्हा बांधू लागला.

इम्रान उठला. हळूच म्हणाला, "चला अब्बा. घरी जाऊ."

रहीमभाई हलला नाही. "पिन जाग्यावर नाही," तो म्हणाला.

"अब्बा."

"बाण बरोबर हाय, हात बरोबर हाय. पिन जाग्यावर नाही."

कुणी त्याच्याकडे पाहिना. माझ्या खिशात टेप असतो. मी पल्लवीला मशीन बंद करायला लावलं आणि लेनच्या कडेनं मागे गेलो. प्रत्येक पिनेच्या जागी लाकडावर एक काळा गोल असतो. मी माप घेतलं. पिन गोलावरून चार सूत, म्हणजे अर्धा इंच, नालीकडे सरकून उभी होती. मी तिथूनच मोठ्यानं सांगितलं. इम्रानचा विश्वास बसला नाही. तो आला, टेप घेतला, स्वतः मोजलं. चार सूत.

या पिना मशीनला दोरीनं बांधलेल्या असतात. मशीन दोरी ओढून त्या वर घेतं आणि परत खाली ठेवतं. कोपऱ्यातल्या पिनेची दोरी झिजली होती आणि दोरी ज्या कडीतून येते तिचा स्क्रू सैल झाला होता. पल्लवी म्हणाली, नागपूरचा माणूस बोलवावा लागेल, चार दिवस जातील.

तोवर रहीमभाई मागे आला होता. त्यानं पाना मागितला, पक्कड मागितली. झिजलेला तुकडा कापला. आता दोरी पिनेच्या डोक्यातून ओवून आत गाठ मारायची होती. भोक करंगळीएवढं. मशीनच्या मागे अंधार.

इम्राननं हात पुढे केला. "द्या अब्बा, मी करतो."

"तू टॉर्च धर," रहीमभाई म्हणाला.

इम्राननं मोबाइलचा टॉर्च धरला. रहीमभाईच्या डाव्या हातात पिन, उजव्या हातात दोरी. पहिली गाठ निसटली. दुसरी निसटली. गुरुजींनी तोंड फिरवलं. मी पाहत राहिलो. तिसरी बसली. मग त्यानं कडी सरळ केली, पाना लावला, स्क्रू आवळला आणि शेवटी पाव आटा, म्हणजे पाव फेरा, मागे घेतला. पल्लवीनं बटन दाबलं. पिन खाली आली. मी टेप लावला. गोलावर. एक सूतही फरक नाही.

रहीमभाईनं कपड्याला हात पुसले आणि पुढे येऊन गुलाबी बॉल उचलला. इम्रान अजून टॉर्च धरून मशीनच्या मागेच उभा होता.

"अब्बा," तो तिथूनच म्हणाला, "परवापासून एका ट्रॅक्टरचा पंप खोलून पडला हाय. मायाकून जुळून नाही राह्यला."

रहीमभाई डाव्या काठाला जाऊन उभा राहिला. नजर बाणावर.

"सकाळी येतो," तो म्हणाला. "दुपारी मले टाइम नसते."