अमीरबीची चेनची चूल

मुदखेडला स्टेशनमागच्या आमच्या गल्लीत संध्याकाळी गरम ग्रीसचा वास सुटला की सगळ्यांना कळायचं, अमीरबीनं चेन टाकली. आमच्या आणि तिच्या अंगणात एकच भिंत. वाळत घातलेल्या साड्यांना तो वास लागायचा आणि माझ्या सासूबाई भिंतीवरून कुरकुरायच्या. अमीरबी पलीकडून म्हणायची, "काकू, तुमच्या ठेच्याचा ठसका आम्हाला येत न्हाई का?" की दोघी हसायच्या.

तिचा नवरा जहांगीर मिस्त्री. रस्त्याच्या कडेला त्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज होतं. अमीरबी लग्न होऊन भोकरहून आली तेव्हा तो घरच्या चुलीवरच ग्रीस तापवायचा. एके दिवशी डाळीला तो वास लागला. अमीरबीनं ग्रीसचं पातेलं उचललं, अंगणाच्या मधोमध नेऊन ठेवलं, तिथंच तीन दगड मांडून लिंपले. ती चेनची चूल. पुढं तिच्या ध्यानात आलं की जहांगीर गप्पांत रमतो आणि इकडं ग्रीस जळतं. मग ते कामही तिनंच हातात घेतलं.

शेतरस्त्यानं फिरून गाडीची चेन कोरडी पडली, करकरायला लागली, की लोक ती काढून पिशवीत घालून आणायचे. अमीरबी ती रॉकेलमध्ये भिजत घालायची, दात घासायच्या जुन्या ब्रशनं एकेक कडी घासायची, पुसून उन्हात टांगायची. मग निखाऱ्यावर पातळ झालेल्या ग्रीसमध्ये सोडायची. जाळ अजिबात नको, नुसती निखाऱ्याची आर. चेनमधून बारीक बुडबुडे येत राहायचे. ते थांबले म्हणजे ग्रीस प्रत्येक कडीच्या पोटात पोचलं.

"लोणच्यावाणी हाय," ती सांगायची. "मुरू द्यायचं. घाई केली की वरून तेलकट, आत कोरडं."

ईदला मेंदी काढली तरी तिची नखं काळीच असायची.

चेन झिजून लांबली असली तर जहांगीर ती आडवी धरून दाखवायचा. धनुष्यासारखी वाकली की तिचं आयुष्य संपलं. मग चेन एकटी बदलायची नाही. पुढचं लहान आणि मागचं मोठं अशी दोन्ही दातेरी चाकंही बदलायची. सगळ्याला मिळून लोक चेन-सॉकेट म्हणतात. गिऱ्हाईक हुज्जत घालायचं, की नुसती चेन टाका. जहांगीर म्हणायचा, नवी नवरी आणून जुन्या दातांच्या सासूपुढं बसवू का? हे तो घरी सांगायचा तेव्हा त्याची आई तिथंच सुपारी कातरत बसलेली असायची. अमीरबी तोंडाला पदर लावून आत जायची.

झिजलेली मोठी चाकं घरी यायची. अमीरबी ती गरम भांड्यांखाली ठेवायची. गल्लीतल्या निम्म्या घरांत तिनं दिलेलं एकेक चाक होतं.

जहांगीर गेला आणि गॅरेज मुलाकडं, मोहसीनकडं आलं. नव्या गाड्यांच्या चेनला पूर्ण झाकण आलं, दुकानात फवारायचं तेल आलं. रेशनचं रॉकेल बंद झालं तशी अमीरबी डिझेलवर काम भागवायला लागली. पिशव्या कमी होत गेल्या. मोहसीनला अंगणात फरशी टाकून गाड्या धुवायचं मशीन बसवायचं होतं, आणि मधोमध ही चूल. तो म्हणायचा, अम्मी, आता चेन कोण शिजवतं? तिचं उत्तर ठरलेलं होतं. जोवर एक पिशवी येते, तोवर चूल हलायची नाही.

गेल्या उन्हाळ्यात वैजनाथचा मुलगा शिवम पिशवी घेऊन आला. वैजनाथ दुधाचा धंदा करायचा. जहांगीरचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. शिवमनं जुनीच पण मोठी, वजनदार गाडी घेतली होती आणि बापानं त्याला सांगितलं होतं, चेन अमीरबीकडंच दे. मोहसीन सामान आणायला नांदेडला गेलेला. एवढी जाड चेन अमीरबीच्या चुलीवर कधी आली नव्हती. ती हरखून गेली. नेहमीपेक्षा जास्त वेळ तिनं ती डिझेलमध्ये भिजवली आणि जास्त वेळ मुरवली.

सकाळी मोहसीननं खुंटीवरची चेन हातात घेतली आणि उजेडात धरली. कड्यांच्या मधल्या रबराच्या बारीक चकत्या फुगून बाहेर आल्या होत्या, काही गळून पडल्या होत्या. त्यानं आईला समजावलं. या चेनमध्ये कंपनीच ग्रीस भरून रबरानं तोंड बंद करते. डिझेलनं आणि आरेनं ते रबर मेलं. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, असं ती नंतर मला म्हणाली.

मोहसीन म्हणाला, पुसून बसवून देतो, इतक्यात कळायचं नाही. तुझं नाव कशाला खराब करायचं?

अमीरबीला ठाऊक होतं, ही गोष्ट तिनं सांगितली की पिशव्या बंद, आणि मग चुलीसाठी बोलायला तिच्याकडं काही उरणार नाही. तिनं बुरखा घातला, चेन त्याच पिशवीत घातली आणि वैजनाथचं घर गाठलं. गुणाबाई, वैजनाथची बायको, चहा टाकायला उठली. अमीरबीनं तिला थांबवलं.

"वैजनाथभाऊ, पोराची चेन मी शिजवून खराब केली. मोहसीन नवी टाकून देईल, दोन्ही चाकांसकट."

वैजनाथनं चेन हातात घेतली, नाकाशी नेली.

"भाभी, वास तोच हाय," तो म्हणाला. मग गुणाबाईला म्हणाला, "टाक चहा."

नवं चेन-सॉकेट बसवताना अमीरबी गॅरेजात स्टूल घेऊन बसली. ही चेन साफ कशी करायची, हे तिनं मुलाला विचारलं. मऊ फडकं आणि डबीतलं तेल, तो म्हणाला.

"म्हंजे शिजवायचंच न्हाई."

"न्हाई, अम्मी."

दुसऱ्या दिवशी तिनंच चूल फोडली. दगड भिंतीशी रचले आणि व्यंकटी गवंड्याला बोलावणं धाडलं. चुलीखालची माती ग्रीसनं काळी झाली होती. तिच्यावर सिमेंट धरणार नाही म्हणून व्यंकटीनं ती खणायला घेतली. हातभर खणलं तरी काळीच. तो वैतागून म्हणाला, चाची, किती खणू?

अमीरबी उंबऱ्यात बसली होती.

"खण की," ती म्हणाली. "माझ्या लग्नापर्यंत गेलेली असंल."