खंडेनवमीनंतर अडलेला गिअरबॉक्स

नेवाशाजवळ दाजींचं शेत आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. ऊस तुटून गेलेल्या एका तुकड्यात जुने टायर आणि मातीचे बांध रचून त्यांनी लुटुपुटुच्या लढाईचं मैदान केलं आहे. सुट्टीला शहरातली कुटुंबं येतात, पिठलं-भाकरी खातात आणि बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकांनी एकमेकांवर प्लॅस्टिकचे छर्रे उडवतात. त्या बंदुका दुरुस्त ठेवायचं काम माझ्याकडे आहे. मी नगरला इंजिनीअरिंग शिकतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे कुठलंही यंत्र मला येतच असणार, असं सगळे धरून चालतात.

येत नव्हतं. मोबाईलवर बघून आणि दाजींच्या ओट्यावर उघडून उघडून थोडं आलं. बंदुकीच्या पोटात धातूची एक डबी असते, तिला गिअरबॉक्स म्हणतात. मोटार फिरली की आतली दातेरी चाकं पिस्टनला मागे ओढतात. त्याच्यामागची स्प्रिंग दाबली जाते आणि सुटते. पिस्टन झटक्यात पुढे येतो आणि त्याने ढकललेली हवा नोझलमधून, म्हणजे पुढच्या बारीक नळीतून, छर्‍याला बाहेर फेकते. नोझल मागेपुढे करायला प्लॅस्टिकची एक पातळ पट्टी असते. ऐकायला हे सोपं वाटतं, पण चाकं जरा सैल बसली तरी आवाज बदलतो, आणि मग तो आवाज दिवसभर कानात राहतो.

पावसाळ्यात खेळ बंद असताना मी सगळ्या बंदुका उघडल्या होत्या. चाकांचे आस ज्यांत फिरतात ते प्लॅस्टिकचे बुश काढून धातूचे घातले, पोलादी गिअर बसवले, पातळ वायसर घालून त्यांचा ढिलेपणा काढला. दाजींना आणखी एक गोष्ट हवी होती, जास्त ताकदीची स्प्रिंग. छर्रा पार पलीकडच्या बांधापर्यंत गेला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं नव्हतं. मुलांना आम्ही जे चष्मे देतो त्यांना पुढे नुसती जाळी आहे. जोराचा छर्रा जाळीवर फुटला तर त्याचा तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. पण हे दाजींना तोंडावर सांगणं मला जमलं नसतं. आमच्या घरात जावयाला कुणी नाही म्हणत नाही. माझे वडीलसुद्धा त्यांच्याशी बोलताना बसत नाहीत. मी ताईला सांगितलं. ताईने ते दाजींच्या कानावर घातलं आणि वर म्हणाली, "त्यो शिकलेला हाय, त्याचं ऐका." दाजींनी ऐकलं. त्यामुळे माझं काम हा तिचा शब्द होऊन बसला.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी मी शेतावर पोचलो. आदल्या दिवशी खंडेनवमीची पूजा झालेली होती. ट्रॅक्टरला, विळ्या-कोयत्यांना झेंडूच्या माळा होत्या. ओट्यावर बंदुका ओळीने मांडलेल्या, नळ्यांवर हळदीकुंकवाची बोटं सुकलेली. शेजारी माझी हत्यारांची पेटीसुद्धा पुजलेली होती. मला बरं वाटलं. मी कापडाने सगळं पुसलं, छर्रे भरलेली मॅगझिनं लावली आणि पाहुण्यांच्या हातात बंदुका दिल्या.

खेळ रंगायच्या आधीच एक बंदूक अडली. मोटार फिरत होती, छर्रा येत नव्हता. मग दुसरीही अडली. माणसं हसायला लागली. एका बाईंनी विचारलं, या चिनी आहेत का. दाजींनी हसून वेळ मारून नेली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

दुपारी ओट्यावर उघडून बघितलं तर दोन्हींत तीच प्लॅस्टिकची पट्टी तुटलेली.  पोलादी गिअर मीच घातले होते. त्यांची ताकद पट्टीला झेपत नसेल, असं वाटलं. एका बंदुकीत नवी पट्टी घातली, गिअरबॉक्स नुसताच ओट्यावर धरून चालवला, तर एकदम नीट. बंदुकीत बसवला की दोनचार वेळा वाजून कट्. पट्टी परत तुटली. वायसर बदलले, मोटार जराशी खाली घेतली, ग्रीस पुसून पुन्हा लावलं. ओट्यावर नीट, बंदुकीत कट्. दाजी बघायला आले.

"काय इंजिनीअर, तुमच्या पोलादापरीस आमचं प्लॅस्टिकच बरं हुतं की."

मी हसायचा प्रयत्न केला. मग त्यांनी ताईला, पण मला ऐकू येईल असं, सांगितलं की पुण्यात एक जण आहे, त्याच्याकडे सगळ्या बंदुका द्यायच्या, तो मोठी स्प्रिंगही टाकून देणार आहे. ताईच्या सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भावाचं लई कौतुक हुतं न्हवं?"  ताई पाण्याची कळशी उचलून आत गेली.

मी गिअरबॉक्स पुन्हा हातात घेतला. दोष माझ्या कामातच असणार असं मी धरून चाललो होतो, म्हणून जिथे मी हात लावला होता तेवढंच उघडत होतो. पण गिअरबॉक्स एकटा नीट चालतोय, तर अडवणारं काहीतरी पुढे असलं पाहिजे. पुढचा भाग, छर्रा जिथे येऊन थांबतो तो, मी उघडलाच नव्हता. उघडला. तिथे नोझलच्या तोंडाशी कडेला एक लाल तांदूळ रुतून बसला होता. तेलाने माखलेला, कुंकवाचा. नोझल पुढे जाऊन त्याच्यापाशी घट्ट अडकत होतं, मागून गिअर ओढत होता आणि मधली पट्टी तुटत होती. दुसऱ्या बंदुकीतही तेच, तिथे तांदळाचा चुरा झालेला.

अक्षता आत गेल्या कशा, हेही लगेच कळलं. खेळ संपला की मॅगझिन काढून ठेवायचं, हा नियम मीच सगळ्यांना लावला होता. पूजेला बंदुका पाटावर ठेवताना मॅगझिनची उघडी भोकं वर आली असणार, आणि अक्षता थेट त्यांत पडल्या. पूजा ताईने केली होती.

तांदूळ मी तळहातावर घेतला. गप्प राहिलो तर बंदुका पुण्याला जाणार आणि मोठी स्प्रिंग बसणार. पुढे कुणा मुलाच्या डोळ्याला काही झालं तर? आणि सांगितलं तर ताईला त्या घरात काय काय ऐकून घ्यावं लागेल, तेही मला माहीत होतं. शेवटी मी चुलीपाशी गेलो आणि हात ताईपुढे धरला. तिने आधी मला काही खायला हवंय असं समजून वर बघितलं. मग तांदूळ ओळखला.

"माझ्यामुळं व्हय?" ती म्हणाली.

मी म्हणालो, मी पट्टीच कच्ची होती असं सांगतो. पण स्प्रिंगचं काय करायचं ते मला सुचत नाही. तिने पीठ लागलेले हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्या हातातला तांदूळ घेतला.

जेवायला बसल्यावर तिने तो दाजींच्या ताटाशेजारी ठेवला. "ह्ये तुमच्या बंदुकीत निघालं. अक्षता मी टाकल्या हुत्या. त्याच्या कामात खोट न्हाई. पुन्याला काई धाडू नका."

दाजींनी तांदूळ चिमटीत धरून पाहिला. मग मोठ्याने हसले. सासूबाई हसल्या नाहीत. बंदुका पुण्याला गेल्या नाहीत, स्प्रिंगचा विषयही निघाला नाही. पण दाजींना एक गोष्ट सापडली. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला बंदूक देताना ते सांगत, "आमच्या मालकिनीनं हिला तांदूळ चारलेत, जपून." पाहुणे हसायचे. ताई ताक घेऊन यायची, तीही हसायची, आणि ग्लास ठेवून लगेच वळायची.

पुढच्या वर्षी मी दसऱ्याची वाट न बघता मुद्दाम खंडेनवमीलाच गेलो. ट्रॅक्टर, विळे, कोयते, सगळ्यांची पूजा झाली. बंदुका पाटावर नव्हत्या. आत कपाटात होत्या. माझी पेटी मात्र ताईने आणली. पूजेचं ताट हातात धरून ती थांबली. झाकण बंद आहे ना ते दाबून पाहिलं, करंगळीने कुंकू घेतलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "एवढं चालंल न्हवं?"

लहानपणी माझ्या पाटीवर सरस्वती तिनेच काढून दिली होती. तेव्हा तिने मला काही विचारलं नव्हतं. मी चालेल म्हणालो. तिने झाकणाच्या कोपऱ्यात बारीकसा ठिपका लावला, आणि अक्षता ताटातच ठेवल्या.