खंडेनवमीचा कम्प्युटर

दादाचा जुना कम्प्युटर मी दुरुस्त केला तो प्रेमापोटी नाही. मला सूड घ्यायचा होता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण आमच्या चिखलीच्या दुकानात येणारी माणसं अजून विचारतात की त्या भंगार डब्यावर बाईनं चार महिने कशाला घातले.

दुकान मोटार रिवायंडिंगचं आहे, नवरा आणि मी मिळून चालवतो. विहिरीवरची जळालेली मोटार येते, आम्ही जुनी तार काढून नवी भरतो. तार भरण्यात माझा हात त्याच्यापेक्षा बसलेला आहे, हे तोच गिऱ्हाइकांना सांगतो. पण उंद्रीला माहेरी गेले की मला साधा मिक्सर लावू देत नाहीत. मी बटनाकडे वळले की वहिनी हसत पुढे येते आणि म्हणते, राहू द्या ताई, मी लावते. हिचा हात लागला की मशीन जळतं, हे आमच्या घरात लहानथोर सगळ्यांना पाठ आहे.

हा शिक्का बसला तेव्हा मी बारावीत होते. दादा डिप्लोमाला होता आणि बाबांनी त्याच्यासाठी कम्प्युटर आणला होता. मला रविवारी अर्धा तास मिळायचा. त्यात गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम होता. दादा रोज खेळायचा, मी आठवड्यातून एकदा, आणि तरी एका रविवारी जिंकणाऱ्यांच्या यादीत सगळ्यात वर माझं नाव आलं. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

त्याच आठवड्यात खंडेनवमी होती. विळे, कुऱ्हाड, फवारणीचा पंप अशी सगळी अवजारं पुजायला मांडली आणि त्यांच्या रांगेत पाटावर कम्प्युटर ठेवला. पूजा दादानं केली, कारण मशीन त्याचं. दुसऱ्या दिवशी तो आपट्याची पानं द्यायला गावात गेला आणि मी बटन दाबलं. आत फटकन आवाज झाला, मागच्या जाळीतून धूर आला आणि करपलेला वास घरभर पसरला.

दादानं येताच सांगितलं की हिनं गेम खेळून खेळून जाळला. बाबा मास्तर होते, वर्गात चौकशी केल्याशिवाय कुणाला छडी मारत नसत, पण घरात त्यांना चौकशीची गरज वाटली नाही. चिखलीला माझा कम्प्युटर क्लास नुकता सुरू झाला होता. घरचा जाळला, आता लोकांचे जाळशील, असं म्हणून त्यांनी तो बंद केला. मी चार दिवस जेवले नाही, तर तोही हट्टीपणा ठरला. दीड वर्षात माझं लग्न झालं. नवरा चांगला मिळाला हे खरं, पण तो क्लास मी स्वतःसाठी निवडला होता आणि तसं दुसरं काही मला त्या घरात कधी निवडता आलं नाही.

यंदा दादानं घराचं काम काढलं आणि माळ्यावरचं सामान खाली आलं. तो कम्प्युटर भंगारात चालला होता. मी म्हटलं, मला दे.

"ने न वं," दादा सगळ्यांसमोर हसून म्हणाला. "मेलेल्याले आणखी काय मारशीन तू?"

मीही हसले. आतून अशी पेटले होते की बसमध्ये बसल्यावरसुद्धा कान गरम होते.

दुकानात आणून आधी एसएमपीएस खोलला. घरची वीज घेऊन मशीनला सोसेल अशी करणारा तो पत्र्याचा डबा. आत जाळीपासून खाली हिरवटपांढरा ओघळ उतरला होता आणि त्यानं तांबं खाल्लं होतं. विहिरीतून काढलेल्या मोटारीत असं मी शंभरदा पाहिलंय. आत पाणी गेलं होतं. कोपऱ्यात तांदळाचे तीन दाणे चिकटले होते, कुंकवानं लाल झालेले. तेव्हा मला ती पूजा लख्ख आठवली. दादानं नारळ फोडून त्याचं पाणी ओंजळीनं कम्प्युटरवर पुढून-मागून शिंपडलं होतं, अक्षता टाकल्या होत्या, आणि आम्ही सगळे हात जोडून उभे होतो.

एवढ्यावर भागलं असतं तर कदाचित मी हसून सोडून दिलं असतं. पण तो ओघळ अर्धा पुसलेला होता आणि त्यात कापूस अडकला होता. डब्याच्या चार स्क्रूंपैकी एक वेगळाच, घरातल्या स्विचबोर्डाचा होता. म्हणजे जळाल्यानंतर कुणीतरी हा डबा खोलून पाहिला होता. आमच्या घरात पेचकस धरणारा तेव्हा एकच माणूस होता. त्याला कळलं होतं, आणि तो गप्प बसला होता. इतका राग मला क्लास सुटला तेव्हाही आला नव्हता.

नवरा म्हणाला, ते दाणे नेऊन त्याच्या तोंडावर मार. पण दादा म्हणाला असता की माळ्यावरचा कचरा आहे. आणि बंद कम्प्युटर घेऊन गेले असते तर घरानं पुन्हा माझ्या हातालाच नावं ठेवली असती. तो चालू व्हायला हवा होता, आणि खंडेनवमीच्या आत.

दुसऱ्या भंगार कम्प्युटरचा एसएमपीएस बसवला. पंखा फिरला, पण पडदा काळा आणि आतून नुसती बीपबीप. रॅमची पट्टी काढून तिची टोकं खोडरबरानं घासली, तेव्हा बीप थांबली. पडदा काळाच राहिला. मदरबोर्डवरचे चार कन्डेन्सर फुगले होते. ते मी बदलले आणि तिथं घाण चूक केली. पंपाच्या कन्डेन्सरला उलटसुलट नसतं, कसाही लावला तरी चालतो. याला असतं. मी एक उलटा लावला आणि बटन दाबताच तो फटकन फुटला. तोच आवाज, तोच वास.

दोन दिवस मी त्याला हात लावला नाही. घरचे म्हणतात तेच खरं असेल, असं मला वाटून गेलं. वीस वर्षं मोटारी भरणाऱ्या बाईला असं वाटावं, याबद्दल मी त्यांना कधीच माफ करणार नाही. तिसऱ्या दिवशी नवऱ्यानं नवा कन्डेन्सर आणून टेबलावर ठेवला आणि दुकानाच्या पुढच्या बाजूला गेला. मी तो सुलटा लावला. पडदा उजळला. हार्ड डिस्क मात्र दिसेना. तिच्या मागची बारकी क्लिप साफ करताना मीच चुकीच्या पिनेवर बसवली होती, हे शोधायला आठवडा गेला. मग गेम उघडला. यादीत वर माझं नाव, खाली दादाचं.

खंडेनवमीला आम्ही तो गोधडीत गुंडाळून उंद्रीला नेला आणि बैठकीत पाटावर मांडून चालू केला. वहिनी बघतच राहिली. बाबा खाटेवर बसले होते. त्यांना आता ऐकू फार कमी येतं. मी ताटातला नारळ उचलून दादाच्या हातात दिला आणि म्हटलं, तुझं मशीन आहे, तूच पूजा कर.

त्यानं कुंकू लावलं, अक्षता पाटापुढे वाहिल्या, आणि नारळ फोडायला थेट उंबऱ्याकडे निघाला.

"काऊन दादा? तवा तर वरून शिंपडलं होतं," मी म्हटलं.

तो तिथंच थांबला. वहिनीनं त्याच्याकडे पाहिलं. मी पदराच्या गाठीतले तीन दाणे सोडून त्याच्यापुढे धरले. तो नारळाच्या शेंडीशी चाळा करू लागला.

"मले तवाच समजलं होतं," तो हळू म्हणाला. "बाबानं सोडलं नसतं मले. जाऊ दे न आता, किती वर्षं झाली."

"बाबाले सांग."

त्यानं सांगितलं. बाबांना ऐकू आलं नाही. मी म्हटलं, मोठ्यानं. तो पुन्हा बोलला, बाबांनी कानामागे हात धरला. तिसऱ्यांदा त्याला ओरडून सांगावं लागलं की कम्प्युटर हिच्या हातानं नाही, माझ्या नारळाच्या पाण्यानं जळला होता. शेजारच्या ओसरीवरच्या बाया वळून पाहू लागल्या. मला अतिशय बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, लग्नातही एवढं बरं वाटलं नव्हतं.

बाबांनी कम्प्युटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच आश्चर्य होतं.

"असं होतं," ते म्हणाले, "तं मंग हिनं क्लास काऊन सोडला?"

"तुम्ही सोडवला, बाबा."

त्यांनी पुन्हा कानामागे हात धरला. मी खाटेजवळ गेले आणि तेच परत सांगितलं, दादापेक्षा मोठ्यानं.