चंदाबाईच्या कमरेवरची खपली

फुलसावंगीत डॉक्टर मंजुषाताईंचा छोटा दवाखाना आहे. बाई मूळच्या यवतमाळच्या. ऐकलेल्यावर विश्वास ठेवत नाहीत. ताप कालपासून आहे म्हटलं, तरी सोबतच्या माणसाला पुन्हा विचारतात. "बाई नाडी पाहते का जबानी घेते?" असं लोक म्हणतात. मलाही त्यांची जरा धास्तीच वाटते.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी छत्तीसगडकडची काही कुटुंबं आली. तिकडच्या जंगलातल्या गोळीबाराला भिऊन गाव सोडलेली. आमच्या शेतातल्या गोठ्यात रामधन आणि त्याची बायको चंदाबाई राहिली. दिवसभर झुडपं तोडायची, गवत कापायचं, रात्री त्यावरच निजायचं. खरंच भिऊन आले की काही करून आले, अशी कुजबुज होतीच.

चंदाबाईला ताप भरला, तो उतरेना. माझी बायको शकुबाई तिचं अंग पुसायला गेली. लुगड्याची गाठ बसते तिथे तिला काळा गोल डाग दिसला. ती तशीच परतली.

"अवो, त्या रामधननं बिडीचा चटका देल्ला तिले! म्हूनच थो तोंड उघडत नाही."

आम्ही गोठ्यावर जाऊन चटक्याचं विचारलं, तेव्हा रामधन बिडीच ओढत होता. शेजारचा गुलाबसिंग म्हणाला, "पोलिसात देऊन टाका. कायले घोर घेता?"

"हमने नहीं जलाया," रामधन म्हणाला. पण पोलिसांचं नाव ऐकून त्यानं बिडी टाकून गाठोडं बांधायला घेतलं, आणि आमचा संशय पक्का झाला.

आधी चंदाबाईला दवाखान्यात नेलं. शकुबाई आत, आम्ही पडद्याबाहेर. मंजुषाताईंनी डाग दाबला.

"जलन होती है?"

"कहाँ?" चंदाबाईनं विचारलं. तिला डागाचा पत्ताच नव्हता.

"शकूकाकू, चटका बसलेल्या बाईला तो कुठे बसला ते कळत नाही?"

"नवऱ्याले भेऊन लपवत असन."

"असेलही. पण जांघेत ही सुजलेली गाठ नवऱ्यानं आणली का?" मग त्या बाहेर आल्या. "गवतातला बारीक किडा चावला की अशी खपली धरते. स्क्रब टायफसचा ताप असावा. अजून उशीर केला असता, तर बाई गेली असती."

रक्त यवतमाळला पाठवलं, पण निकालाची वाट न पाहता त्यांनी गोळ्या सुरू केल्या. दोन-तीन दिवसांत ताप उतरला. निकालही तोच आला. गुलाबसिंग तरी म्हणालाच, "किडा चावला असन, पण मारत तर असनच."

शकुबाई वरण-भाकरीचा डबा घेऊन गोठ्यावर गेली. रामधननं भाकरीचा तुकडा मोडून तिच्याच हातावर ठेवला. तिनं तो खाईपर्यंत चंदाबाईला डब्याला हात लावू दिला नाही. शकुबाई रडतच घरी आली.

मी मंजुषाताईंना सांगितलं. "बरोबर केलं त्यानं," त्या म्हणाल्या. "डबा मात्र बंद करू नका, काका."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो, आणि शकुबाईनं आधी स्वतःच घास घेतला. रामधननं डबा घेतला, पण आम्ही बांधापलीकडे जाईपर्यंत आमच्याकडे पाठ केली नाही.