श्रीरंगरावांची जादाची सायकल

“सगळं लखनऊ तव्यासारखं सपाट. गिअर कशाला बसवलेत, पापड वाळत घालायला?”

नवी गिअरची सायकल बघायला आलेल्या चंद्रशेखररावांचा हा आवाज व्हरांड्यातून आला, तेव्हा मधुमतीबाई स्वयंपाकघरात चहा गाळत होत्या. त्यांना हसूच फुटलं. पण पाठोपाठ नवऱ्याचा, श्रीरंगरावांचा, आवाज आला आणि गाळणं हातातच राहिलं.

“पुलाचा चढ आहे ना! आणि तुमची वाट बघत दर रविवारी त्या पुलावर उभं राहून आमचे पाय आखडतात, त्याचं काय?”

मग खुर्ची सरकल्याचा आवाज. दोन कप चहा घेऊन बाई बाहेर आल्या, तर पिणारा एकच.

श्रीरंगराव अलीगंजच्या बँकेत होते. बँक पोटासाठी, जीव सगळा सायकलीत. रविवारी उजाडता पाच-सहा मित्र निघायचे, कुकरैलच्या जंगलाकडे जाऊन यायचे आणि येताना टपरीवर चहा, बन-मक्खन. मंडळींचा रिवाज असा की मागे पडेल त्याच्यासाठी पुलावर थांबायचं आणि त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. श्रीरंगरावांनी तो काढला. चंद्रशेखररावांनी दुसऱ्याच दिवशी आपली सायकल दूधवाल्याला देऊन टाकली.

आता माफी मागावी की नाही? पण पुरुषमाणसाच्या तोंडून तो शब्द निघायचा म्हणजे दाढ काढण्यापेक्षा अवघड. श्रीरंगरावांनी दुसराच मार्ग धरला. त्यांची गिअर नसलेली जुनी सायकल आता जादाची झाली होती. रविवारी ते नवीवर बसायचे, जुनीचं हँडल डाव्या हातात धरायचे आणि दोन्ही सायकली घेऊन चंद्रशेखररावांच्या फाटकाशी जायचे. दोनदा घंटी.

“चला, चंद्रशेखरराव!”

“आज नाही. पोट बिघडलंय.”

मग मंडळींबरोबर हा एक माणूस दोन सायकली घेऊन जंगलापर्यंत जाऊन यायचा. वाटेत कोणी विचारायचं, “भैया, बेचनी है क्या?”

दर रविवारी त्या माणसाचं पोट कसं बिघडेल? श्रीरंगरावांना वाटलं, सायकलच पसंत नसावी. त्यांनी तिला नवी घंटी बसवली. पोट बिघडलेलंच. मऊ गादी घातली. आता गुडघा. मग स्वतःला भारीतले गिअर घेतले आणि आधीचे जुनीला चढवले. त्या रविवारी चंद्रशेखरराव फाटकापर्यंत आले, वाकून बघितलं, “अच्छा! आता हिलाही?” म्हणाले आणि आत निघून गेले.

“ज्यावरून माणूस रुसला तेच त्याच्या पानात वाढलंत,” मधुमतीबाई म्हणाल्या.

श्रीरंगराव गिअर उतरवायला निघाले. सायकलच्या मिस्त्रीने कपाळाला हात लावला. “साहब, दुनिया लगवाती है, आप उतरवाते हैं!”

संक्रांतीला मधुमतीबाई चंद्रशेखररावांकडे हळदीकुंकवाला गेल्या. त्यांच्या बायकोने, प्रतिमाने, त्यांना आत ओढलं.

“ताई, घरी सांगू नका हं. हे रविवारी पहाटेपासून बूट घालून पडद्याआड बसतात.”

“मग येत का नाहीत?”

“कसे येतील? भावजी ताडासारखे उंच, सीट त्यांच्या मापाची. हे बसले तर पाय लोंबकळतील. आधीच सगळ्यांच्या मागे, त्यात टांग मारताना पडले तर?”

बाईंनी तिळगूळ तोंडात टाकला आणि हसू त्याबरोबर गिळलं. घंटी बदलली, गादी बदलली, गिअर चढले, उतरले. बसणाऱ्याच्या पायांकडे कोणी बघितलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी श्रीरंगराव भाजीला गेल्यावर बाईंनी पाना शोधला. नट गंजलेला. पदर खोचला, देवाचं नाव घेतलं, नवऱ्याचंही घेतलं, आणि सीट चार बोटं खाली बसवली.

रविवारी नवरा शीळ घालत घरी आला.

“आले! सीटवर हात ठेवला, म्हणाले दोन मिनिटं थांबा, आणि आले! सगळी त्या आरशाची करामत.”

“कसला आरसा?”

“काल रात्रीच बसवला ना मी हँडलला. माणसाला मागचं दिसलं की धीर येतो.”

“हो तर,” बाई म्हणाल्या आणि पोहे वाढले. आरशाची ती गोष्ट मग त्यांनी पाच वर्षं ऐकली, पाहुण्यांदेखत, आणि दरवेळी मान डोलावली. पुलावर चंद्रशेखररावांसाठी थांबावं लागायचंच. कोणी काही बोलायचं नाही. सगळ्यात गप्प श्रीरंगराव.

अठ्ठ्याण्णव साली ते निवृत्त झाले. सामान सांगलीला गेलं, रात्रीची गाडी ठरली. मागे उरल्या होत्या दोन पिशव्या, पाण्याची कळशी आणि दोन सायकली. वार रविवार.

“अहो, आज तरी घरी बसा. चंद्रशेखरभावजी स्टेशनवर येणारच आहेत.”

“स्टेशनवर काय सायकल चालवणार?”

श्रीरंगराव एकीवर बसले, दुसरीचं हँडल डाव्या हातात धरलं आणि कोपऱ्यावरून वळले. फाटकाशी दोनदा घंटी वाजली.

“चला, चंद्रशेखरराव!”

“थांबा हो जरा, मोजा सापडेना!” आतून आवाज आला. दोन्ही सायकली धरून ते थांबले.