पाय हलत होते का?

हिंजवडीत नोकरी लागली त्या उन्हाळ्यात मी स्वतःला फार शहाणा समजत होतो. एका रविवारी धाकट्या भावाला आणि एका मित्राला घेऊन धायरीला विहिरीवर पोहायला गेलो. लहानपणापासून आम्ही तिथेच सूर मारायचो. पण आता आजूबाजूला सोसायट्या उठत होत्या आणि बांधकामासाठी टँकर रोज तेच पाणी उपसत होते. भाऊ काठावर घुटमळला. "मार रे, इथे हत्ती बुडेल," मी खाली न बघताच म्हणालो.

त्याचं डोकं तळाच्या खडकावर आदळलं. बाहेर काढला तेव्हा तो शुद्धीवर होता. मान दुखतेय म्हणाला, पायाची बोटं हलवून दाखवली. मग पुणेकर जे करतात तेच आम्ही केलं, स्कूटरवर ट्रिपल सीट. मित्र पुढे, भाऊ मध्ये, मी मागे. प्रत्येक खड्ड्याला त्याचं डोकं माझ्या छातीवर आपटत होतं. सिंहगड रस्त्यावर कुठेतरी तो म्हणाला, "दादा, पाय कळत नाहीयेत."

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, "अपघातानंतर पाय हलत होते का?"

स्कूटरचं सगळं माझ्यावर येईल, एवढंच मनात आलं. "नाही," मी म्हणालो. "आदळला तेव्हाच गेले."

त्यांनी त्याच्या कवटीला चिमटे लावून वजन टांगलं, मान ताणून ठेवली. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. मज्जारज्जूवर रुतलेला मणक्याचा तुकडा काढला, धातूची पट्टी आणि स्क्रू बसवले. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "मान आता पक्की आहे. पाय आधी हलत असते आणि नंतर गेले असते, तर कालच तातडीने ऑपरेशनला घेतलं असतं. अशा वेळी थोडी आशा असते."

पाय परतले नाहीत. तेव्हापासून मी कंपनीच्या बसमध्ये बसतो आणि खड्डा आला की छातीवर हात धरतो. शेजारचे विचारतात, अ‍ॅसिडिटी आहे का. मी हो म्हणतो.

परवा सकाळी त्याला अंथरुणातून उचलताना मला राहवलं नाही. डॉक्टरांना खोटं सांगितल्याचं बोलून टाकलं.

"माहितेय," तो म्हणाला. "स्ट्रेचरवर मीच होतो ना."

मी त्याच्या पायांवरची चादर बाजूला केली.

"आईला सांगू नकोस. ती तुला घराबाहेर काढेल, आणि मला रोज उचलायला तूच लागतोस."

मी त्याच्या काखांत हात घातले आणि त्याला खुर्चीत बसवलं.